सतरा शिंगांचा तारा

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उपासना संपवून मंडळी बाहेर पडली, तेव्हा फाटकाशी नेहमीची हातगाडी उभी होती. गाडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तारा, गाडीला टेकून रुपरावजी आणि दोरी सोडायला पुढे झालेली त्यांची सून सरिता. वर्षानुवर्षं हा दिवस असाच ठरलेला होता. इतवारी बाजारामागच्या बुरडांच्या गल्लीतून रुपरावजी तारा घेऊन यायचे, चार माणसं शिडी धरायची आणि चर्चच्या दर्शनी भिंतीवर, गोल खिडकीच्या वर, तो चढायचा. त्याआधी नाताळ जवळ आला असं कोणी म्हणत नसे.

या वर्षी शिडी कोणी आणली नाही.

"रुपरावजी, यंदा राहू द्या," चर्चच्या मंडळीचे सचिव रविंद्र फाटकापर्यंत जाऊन म्हणाले.

"राहू द्या म्हंजे?"

"म्हणजे परत न्या. चर्चला शंभर वर्षं होऊन राहिली ना. सगळी सजावट प्रोफेशनल लोकांकडे दिली आहे."

"काहून? मागच्या साली काही खराबी निघाली का त्याच्यात?"

रविंद्रनी मागे पाहिलं. मागे स्वानंद उभा होता. रामदासपेठेत त्याचं सजावटीचं ऑफिस होतं आणि गळ्यात लेझरची मोजपट्टी लटकत होती. त्यानं लुगड्याचं एक टोक दोन बोटांनी उचललं.

"काका, काम छान आहे तुमचं. पण हा आकाशकंदील झाला. दिवाळीचा. आपली थीम आहे पारंपरिक ख्रिसमस, एकदम ऑथेंटिक. मग लोक कन्फ्यूज होतात."

"कोन्ते लोक?" सरितानं विचारलं.

"बेटा," रुपरावजी म्हणाले, "माह्या बापानं इथं पयला तारा लावला तवा तुह्या आज्याचं लगन झालं नसन."

दोघंतिघं हसली. स्वानंदही हसला, आणि लुगडं पुन्हा ताऱ्यावर टाकून त्यानं हात झटकले.

प्रीती पायरीवर उभी राहून हे बघत होती. एका विज्ञान महाविद्यालयात एकतीस वर्षं तिनं स्फटिकांची रचना शिकवली होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली होती, आणि या मंडळीत तिचा आवाज गाण्यापलीकडे कोणी फारसा ऐकला नव्हता. समितीच्या बैठकीत ती कोपऱ्यातली खुर्ची घ्यायची आणि इतिवृत्तातल्या चुकीच्या तारखा दुरुस्त करून द्यायची. पण ते हात झटकणं तिच्या डोक्यात गेलं.

"हा आकाशकंदील नाही," ती खाली येऊन म्हणाली.

"मग काय आहे, मॅम?"

"ते मी सांगेन. पण तुम्ही लावणार ते पारंपरिक, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्या जगात तेच आहे ना, मॅम. झाड, लाल-सोनेरी गोळे, बर्फ. व्हिक्टोरियन ख्रिसमस. गूगल करा."

चारचौघांत वाद होणं रविंद्रना आवडत नसे. त्यांनी दोन्ही हात वर केले. "असं करू. शुक्रवारी समितीची बैठक आहे. हा तारा पारंपरिक आहे याचा पुरावा आणा, मॅडम. आणला तर लावू. ऐकून घेतलं नाही असं कोणी म्हणायला नको."

"आणते," प्रीती म्हणाली.

पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की तिथंच विचारायला हवं होतं: पुरावा मी का आणायचा? खोटा बर्फ आणणाऱ्याकडे कोणी मागितला? पण पुरावा मागितला की द्यायचा, ही तिची सवय होती. सरितानं दोरी पुन्हा बांधली, गरजेपेक्षा जास्त आवळून, आणि हातगाडी आली तशी परत गेली.

त्या संध्याकाळी बेसा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये प्रीतीनं वही उघडली आणि स्वानंदनं समितीला दिलेल्या सजावटीच्या यादीतली एकेक वस्तू घेऊन ती आली कुठून ते शोधायला बसली. जसजशी वाचत गेली तसतशी तिची चिडचिड वाढत गेली.

झाड जर्मनीतलं. तिकडे मध्ययुगात चोवीस डिसेंबरला आदाम आणि हव्वेचं नाटक करत, आणि एदेन बागेतलं झाड म्हणून हिरव्या सूचिपर्णी झाडाला सफरचंदं टांगत. नाटक बंद पडलं, झाड घरात आलं. सफरचंदांच्या जागी काचेचे गोळे आले ते एकोणिसाव्या शतकात, लाउशा नावाच्या गावातल्या काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या हातून. चंदेरी चमकी न्यूरेंबर्गची, आणि पहिल्यांदा ती खऱ्या चांदीची तार ठोकून करत. नाताळात कुंड्यांत मांडतात ते लाल पानांचं झुडूप मेक्सिकोतलं. आणि ज्याला स्वानंद व्हिक्टोरियन म्हणत होता ते इंग्रजांकडे घरोघरी पोचलं ते १८४८ नंतर, राणीचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं असल्याचं चित्र एका साप्ताहिकात छापून आलं म्हणून. चित्र बघून बायकांनी नवऱ्यांना झाडं आणायला लावली. एवढीच ती परंपरा!

बर्फाचा बेथलेहेमशी काय संबंध, हे तिला कुठंच सापडलं नाही. वहीत तिनं 'बर्फ' लिहून पुढे दोन प्रश्नचिन्हं काढली. पेनाचं टोक कागदात रुतलं.

बुधवारी सकाळी ती इतवारीत गेली. धान्याची पोती उतरवणारे टेम्पो, भांड्यांची दुकानं, हातगाड्या ओलांडून मागच्या गल्लीत वळलं की ओल्या बांबूचा वास सुरू होतो. रुपरावजी ओट्यावर बसून टोपलीचा काठ वळत होते. डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त बघत होते. तारा आतल्या खोलीत खुंटीला होता.

"मोजू का?" तिनं पिशवीतून मोजपट्टी आणि कोनमापक काढत विचारलं.

"मोजा ना. पळून नाही जाऊन राहिला तो."

बांबूच्या बारीक कामट्यांचे सांगाडे, त्यांवर पतंगाचा लाल-पिवळा कागद. ज्यांना ती टोकं म्हणत होती त्यांना रुपरावजी शिंगं म्हणत. मधोमध एक शिंग. त्याच्याभोवती आठ. मग काठावरून थेट बाहेर निघालेली आठ. एकूण सतरा. मधल्या आठांत एकाआड एक चार चौधारी आणि चार तिधारी, बाकी सगळी चौधारी. चौधारी शिंगांच्या उतारात नेमका पंचेचाळीस अंशांचा फरक. प्रीतीनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

तिला ही आकृती ओळखीची होती. अठरा चौरस आणि आठ त्रिकोणांचा घनाकार, दरवर्षी वर्गात पुठ्ठ्याचा करून दाखवायची तो. त्याच्या प्रत्येक बाजूवर एक शिंग उभं केलं की जो तारा होतो, त्याच्याबद्दल तिनं परवाच वाचलं होतं. जर्मनीतल्या मोरावियन पंथाच्या एका शाळेत १८३०च्या सुमारास तो तयार झाला असं सांगतात, आणि तोही भूमितीच्या तासाला. पुढे त्या पंथाच्या मिशनऱ्यांबरोबर तो कुठल्या कुठं गेला.

"रुपरावजी, सापडलं!" ती एरवीच्या मानानं ओरडलीच. "हा तारा जर्मनीचा आहे!"

काठ वळणारे हात थांबले. "कोनाचा?"

"जर्मनीचा. जवळजवळ दोनशे वर्षं जुना."

"म्हंजे आमचा नाही."

"तसं नाही, मूळ कल्पना..."

"ऐंशी वर्सं झाली. माहा बाप गेला, मी म्हातारा झालो. अन् तुम्ही एका मिंटात देऊन टाकला जर्मनीले."

"बाबा, आता त्याचा पासपोट काढा लागते," सरिता आतून म्हणाली.

रुपरावजी हसले नाहीत. "आता आयका. मिशनच्या मडमेनं माह्या बापाले, नत्थूजीले, एक चित्र देलं. असा तारा कर म्हणे. चित्रात समोरून जेवढं दिसे तेवढं बापानं केलं. मांगून कसा हाय ते इचारायले गेला तं मडम विलायतले निघून गेली होती. मंग बाप म्हणे, मांगं काय असन ते असो, आपल्याले टोपली येते. टोपली पालथी घातली अन् तिच्यावर शिंगं बसवली."

प्रीतीनं तारा उलटून पाहिला. खरंच मागे टोपली होती, भाजीवालीकडे असते तशी उथळ, काठाला दुहेरी वीण घातलेली.

"त्याच्यानं तं तो भिताडाले चिपकून बसते. कितीबी वारा येऊ द्या, हालत नाही."

"म्हणजे मागची नऊ टोकं नाहीत," प्रीती म्हणाली आणि वहीत तसं लिहून घेतलं. पुरावा मिळाला होता, मोजून मिळाला होता. चहा अर्धा ठेवूनच ती उठली. रुपरावजी पुन्हा टोपलीच्या काठाला लागले होते, ते मान वर न करता "या" म्हणाले. त्या भेटीत काही तरी राहून गेलं, असं तिला घरी पोचेपर्यंत वाटत होतं. पण शुक्रवारचा कागद लिहायचा होता.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये समिती जमली. पाळकसाहेब, रविंद्र, महिला संघाच्या शोभाताई आणि आणखी पाचजण. स्वानंदला मुद्दाम बोलावलेलं होतं. प्रीतीनं उभं राहून कागद वाचला. सफरचंदं, काचेचे गोळे, चांदीची तार, राणीचं चित्र.

"आणि बर्फ?" शोभाताईंनी विचारलं.

"बर्फाचा पुरावा मिळाला नाही."

"कापसाचाच आहे ना तो? मग विदर्भाचाच झाला की. तेवढा तरी लोकल!"

सगळे हसले. प्रीती पुढे वाचत गेली. भूमितीचा तास, सव्वीस बाजूंचा घनाकार, प्रत्येक बाजूवर एक अशी सव्वीस टोकं, नत्थूजींना मिळालेलं चित्र, समोरून दिसणारी सतरा टोकं. तिनं कागद खाली ठेवला तेव्हा स्वानंदचा चेहरा उजळला होता.

"मॅम, हे आधी सांगायचं ना! मोरावियन स्टार! जर्मन! हा तर प्रीमियम आयटम आहे." त्याचा अंगठा फोनवर भराभर फिरू लागला. "हे बघा, सर. ओरिजिनल डिझाइन. सव्वीस पॉइंट, चारी बाजूंनी, आत एलईडी. आठ दिवसांत येतो. आपला लोकल पीस तर अर्धाच आहे. मॅमनीच मोजलंय, मागची नऊ नाहीत."

फोन हातोहात फिरला.

"मग झालं की," रविंद्र खूश होऊन म्हणाले. "मूळचाच आणू. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणेच होतंय."

"मी हे म्हटलेलं नाही."

"लिहून आणलंय तुम्हीच, मॅडम."

"पुरावा आणला तर रुपरावजींचा तारा लावू, असं तुम्ही फाटकात सांगितलंत."

"पारंपरिक असला तर, म्हणालो. पारंपरिक तो निघाला. हा तर त्याची नक्कल निघाला. आता शंभराव्या वर्षी आपण नक्कल लावायची का?"

चहा आला होता आणि सगळ्यांना घरी जायची घाई होती. रविंद्रनी हात वर करायला सांगितले. सात हात वर गेले, त्यात शोभाताईंचाही होता.  प्रीतीला भांडायचं होतं, पण ज्या कागदावरून भांडायचं तोच कागद रविंद्रनी इतिवृत्ताला टाचणी लावून जोडला होता, आणि त्यातली एकही तारीख चुकीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा त्या गल्लीत गेली. ही बातमी तिसऱ्या कोणाकडून कळावी हे तिला पटत नव्हतं. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"मांगची नऊ नाहीत, असं कोणं सांगतलं त्याहिले?" रुपरावजींनी विचारलं.

"मी."



"मोजलं तुम्ही बरोबर, बाई. पण मोजून झालं अन् उठून गेल्या. चाहा बी नाही पेल्या."

ते आत गेले आणि तारा घेऊन आले. सुरी घेतली आणि एकेका शिंगाची गाठ कापायला लागले. प्रीती "अहो, नका" म्हणेपर्यंत तीन शिंगं सुटली होती. काठावरची आठ, मग मधली आठ, शेवटी मधलं. घाई नव्हती की आदळआपट नव्हती. कागद त्यांनी घडी करून बाजूला ठेवला, कामट्या जुडीत बांधल्या, टोपली ओट्यावर आपटून झटकली आणि सुनेकडे दिली.

"घे वं. कांद्याले होईन."

"बाबा..." सरिता म्हणाली.

"मंडळीले तारा पायजे असन तं आता रविंद्रभाऊनं इथं यावं. या ओट्यावर. मी फाटकावर नाही येत. म्या काय भीक मांगाले गेलतो का तिथं?"

 प्रीतीच्या डोळ्यांदेखत त्या टोपलीत कांदे पडले.

आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी नवा तारा चर्चच्या भिंतीवर लागलेला होता. पांढरा, ॲक्रिलिकचा, आतून निळसर उजेड. चारी बाजूंनी शिंगं असल्यामुळे भिंतीला टेकणं त्याला जमणारं नव्हतं, म्हणून स्वानंदच्या माणसांनी लोखंडी दांडा ठोकून तो पुढे टांगला होता. वारा आला की तो भिंतीवर आदळायचा. मागच्या दोन शिंगांना चिकटपट्टी लागली होती. आत वेदीशेजारी कापसाच्या बर्फात मेंढपाळ घोट्यापर्यंत बुडाले होते.

उपासनेनंतर पाळकसाहेब सूचना वाचायला उभे राहिले. नाताळ गुरुवारी, शताब्दीचं जेवण त्याच दिवशी, स्मरणिका बाकांवर ठेवली आहे. "आणखी कोणाला काही सांगायचं आहे का?" हे ते दर रविवारी विचारत आणि उत्तराची वाट न पाहता प्रार्थनेकडे वळत.

"मला," प्रीती म्हणाली.

ती उभी राहिली. हातात कागद नव्हता.

"स्मरणिकेत चौदाव्या पानावर नव्या ताऱ्याचा फोटो आहे. खाली लिहिलंय, मूळ परंपरेचा तारा, माहिती माझ्या नावावर. ही माहिती मी दिली. ती खरी आहे. पण ज्या प्रश्नाचं ते उत्तर होतं तो प्रश्नच चुकीचा होता आणि तो मी मुकाट्यानं घेतला, याची मला लाज वाटते."

तिनं वेदीशेजारच्या झाडाकडे हात केला.

"ते झाड बघा. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या बायकांनी साप्ताहिकातलं एक चित्र पाहिलं आणि घरात झाड सजवलं. त्याला आपण परंपरा म्हणतो. इतवारीतल्या नत्थूजींनी मडमेनं दिलेलं एक चित्र पाहिलं आणि तारा केला. त्याला आपण नक्कल म्हणतो. चित्र बघूनच दोघांनी केलं. मग फरक कोणत्या मापानं मोजला? मला मोजता येतं, मी जन्मभर तेच केलं. मला हे माप सांगा." तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायचा तिचा विचार नव्हता. "चित्रात दिसलं नाही तिथं नत्थूजींनी टोपली लावली. ते वैगुण्य आहे असं मी लिहिलं. ऐंशी वर्षांत तो तारा एकदाही भिंतीवर आदळला नाही. हा बाहेरचा आठ दिवसांत फुटला. आणि रुपरावजींना आपण फाटकातून परत पाठवलं. आत या असंसुद्धा कोणी म्हटलं नाही. मीही नाही."

ती बसली.

"हा विषय समितीचा आहे," पाळकसाहेब सावकाश म्हणाले. "नाताळानंतरच्या बैठकीत बघू."

"नाताळानंतर काय बघता, साहेब?" शोभाताई मागच्या बाकावरून म्हणाल्या. "तारा तेव्हा लावायचा का?"

"शोभाताई, तुम्हीही हात वर केला होता," रविंद्र म्हणाले.

"केला होता. चहा निवून राहिला होता माझा! आता खाली करते. डिसेंबरात लग्न होऊन मी या चर्चमध्ये आले तेव्हा मला पत्ता असाच सांगितला होता, टोपलीचा तारा दिसेल तिथं उतर म्हणून. आणि तुम्ही म्हणता तो आपला नाही?" त्यांनी आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं. "गुरुवारच्या जेवणाला महिला संघ पाहिजे की ते पण प्रोफेशनल आणणार, एवढं समितीनं आजच सांगून टाकावं."

हशा झाला. त्यात पाळकसाहेबही हसले, आणि मग रविंद्रकडे बघून म्हणाले, "जाऊन या तुम्ही."

सोमवारी सकाळी रविंद्र इतवारीत गेले. वाट दाखवायला प्रीती सोबत होती. रुपरावजींनी त्यांना ओट्यावर बसायला सांगितलं, सरितानं पाणी दिलं. रविंद्रनी चष्मा पुसला.

"तारा पाहिजे होता, रुपरावजी."

"कोन्ता? ऑथेंटिक?"

"आपला. चुकलं आमचं."

"तो तं खोलून टाकला. आता नवीन करा लागते. सतरा शिंगं, अन् दिवस दोन." रुपरावजींनी बोटं पुढे करून त्यांच्याकडेच पाहिलं. "गाठ दिसत नाही मले आता. मी कामट्या काढतो, तुम्ही बांधा."

"मी?"

"मंग काय स्वानंदभाऊले बोलवाचं?"

बँकेत मॅनेजर राहिलेले रविंद्र दोन दिवस त्या ओट्यावर मांडी घालून बसले. पहिल्याच तासात अंगठ्यात बांबूचं कुसळ घुसलं, ते सरितानं सुईनं काढलं. गाठ सैल झाली की रुपरावजी बोटानं चाचपून शिंग सोडायला लावत. खळ लावून कागद डकवायचं काम प्रीतीकडे होतं. एकदा तिनं न राहवून कोनमापक काढलं.

"ते ठेवा पिशवीत," रुपरावजी म्हणाले. "अन् पयले चाहा प्या."

तिनं कप रिकामा केला.

बुधवारी दुपारी हातगाडी चर्चच्या फाटकातून आत आली. रुपरावजींनीच घातलेल्या अटीप्रमाणे ती रविंद्र ओढत होते आणि रुपरावजी रिक्षातून आले. शिडी धरायला चारऐवजी दहा माणसं झाली. पांढरा तारा उतरवून हॉलमध्ये ठेवला गेला. स्वानंद आला होता. तो फोनवर चित्रीकरण करत होता.

"मॅम, स्टोरी भारी आहे. सिरियसली. पुढच्या वर्षी हीच थीम करू. 'ट्रायबल ख्रिसमस'."

प्रीतीला वाटलं होतं की आता राग उतरला. तो कुठंही गेलेला नव्हता.

"आम्ही इतवारीचे हाओ, भाऊ," सरिता म्हणाली. "जंगलातले नाही."

"आणि फोन खाली ठेवून शिडी धरा," प्रीतीनं सांगितलं. स्वानंदनं फोन खिशात ठेवला आणि शिडी धरली.

वर रविंद्र होते. दोन्ही हातांनी तारा डोक्यावर उचलून त्यांनी टोपली भिंतीला टेकवली आणि खिळा कुठं येतो ते चाचपू लागले. घामानं त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता.

"सरळ आहे का?" त्यांनी वरून विचारलं.

रुपरावजींना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी प्रीतीकडे पाहिलं. "सांगा, बाई."

प्रीती चार पावलं मागे गेली आणि डोळे बारीक करून उभी राहिली.

"नाही. डावीकडे घ्या."

"किती?"

"मी सांगते. हात खाली करू नका."

रविंद्रनी तारा डावीकडे सरकवला. मग पुन्हा थोडा. तारा केव्हाच सरळ झाला होता, पण तिनं बराच वेळ तसं सांगितलं नाही.